डोंगर कधी फुटणार, हे कुणाला कळते?

२३ नोव्हेंबर २०२५ च्या रविवारी इथिओपियाच्या अफार भागात हायली गुब्बी हा ज्वालामुखी फुटला. गेल्या दहा हजार वर्षांत तो फुटल्याची नोंद नव्हती. राखेचा ढग १४ किलोमीटरच्या आसपास चढला, वाऱ्याने तो तांबड्या समुद्रापलीकडे येमेन-ओमानवर आणि तिथून अरबी समुद्रावर ढकलला. सोमवारी रात्री तो गुजरात-राजस्थान करत दिल्लीच्या आभाळात पोहोचला. काही विमानकंपन्यांनी आखाताकडची उड्डाणे रद्द केली, काहींनी मार्ग बदलले, आणि आपल्याकडच्या वाहिन्यांना दोन दिवस हा विषय पुरला. त्या गदारोळात एक प्रश्न मात्र रास्त होता: एवढा डोंगर फुटायचा होता, तर आधी कुणाला पत्ता कसा लागला नाही?

याचे उत्तर देताना ज्वालामुखीतज्ज्ञ चाचरतात, आणि त्याला कारण आहे. जागे होऊ शकतील असे सुमारे १,३५० ज्वालामुखी जगात आहेत. त्यांतले पाचशेच्या आसपास माणसाच्या नोंदी सुरू झाल्यापासून कधी ना कधी फुटलेले आहेत. आज, या क्षणी, चाळीस-पंचेचाळीस तरी कुठे ना कुठे धुमसत असतील. यांपैकी थोड्याच डोंगरांवर उपकरणांचे नीट जाळे आहे. बाकीच्यांकडे लक्ष द्यायला जवळपास कुणीच नाही. त्यामुळे भाकीत जमते की नाही, हे तुम्ही कोणत्या डोंगराबद्दल विचारता त्यावर ठरते. गेल्या सव्वाशे वर्षांतल्या ठळक घटना एकापुढे एक मांडून पाहिल्या की माझे मत असे होते: शास्त्राची मजल लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच पुढे गेलेली आहे, आणि मोठी अपयशे बहुतेक वेळा उपकरण आणि गावकरी यांच्या मधल्या जागेत घडलेली आहेत. ‘बहुतेक वेळा’ हे शब्द जपून वापरले आहेत. काही बाबतींत शास्त्र आजही आंधळेच आहे, तेही पुढे येईल.

आधी डोंगर आपली खबर कशी देतो ते पाहू. जमिनीखाली काही किलोमीटरवर वितळलेल्या खडकाचा, म्हणजे शिलारसाचा, साठा असतो. तो वर सरकू लागला की वाटेतला खडक तडकतो आणि बारीक बारीक भूकंप होतात. बहुतेक तर माणसाला जाणवतही नाहीत. स्वतःला जागा करताना शिलारस वरची जमीन फुगवतो. ही फूग कधी सेंटिमीटरमध्ये मोजावी लागते, कधी मीटरमध्ये. वर येताना दाब उतरतो, तसे त्यात विरघळलेले वायू सुटतात. कार्बन डायऑक्साइड खोलवर असतानाच सुटायला लागतो, सल्फर डायऑक्साइड बराच वर आल्यावर. म्हणून या दोन वायूंचे परस्परांशी प्रमाण बदलले की शिलारस कुठवर आला याचा अंदाज बांधता येतो. भूकंप, फूग आणि वायू या तीन खुणांवर हे सारे शास्त्र उभे आहे. भूकंपमापक, जमिनीचा कल टिपणारे टिल्टमीटर, जीपीएस आणि आता उपग्रहांवरचे रडार ही त्याची हत्यारे. दुरून सल्फर डायऑक्साइड मोजणारे जे यंत्र अनेक वर्षे वापरात होते, ते मुळात कारखान्यांच्या धुरांड्यांसाठी बनवलेले होते.

मग डोंगर फुटताना कसा फुटेल, हे शिलारसाच्या घट्टपणावर ठरते. सिलिका कमी असलेला बेसाल्टचा रस एकतारी पाकासारखा वाहतो. त्यातले वायू बुडबुडे फोडत निघून जातात आणि लाव्हा उतारावरून धावते. हवाई आणि आइसलंडची चित्रे आपण पाहतो ती याच जातीची. सिलिका वाढली की तोच रस गोळीबंद पाकाकडे झुकतो, वायू आत कोंडले जातात आणि शेवटी डोंगराचा माथाच उडतो. माणसे मारणारे ज्वालामुखी बहुतेक या दुसऱ्या जातीचे असतात, आणि मारतात तेही सहसा लाव्हेने नव्हे. तापलेली राख, दगड आणि वायू यांचा जमिनीलगत सुटणारा लोट, किंवा राख आणि पाणी मिळून झालेला चिखलाचा लोंढा, हे खरे मारेकरी. लाव्हेपासून माणूस बहुधा चालत दूर जाऊ शकतो, या लोटांपासून धावूनही सुटत नाही.

ज्वालामुखीवर कायमचे ठाण मांडून बसण्याची कल्पना इटलीची. व्हेसुव्हियसच्या उतारावर १८४१ मध्ये जगातली पहिली वेधशाळा उभी राहिली. तिचे संचालक लुइजी पाल्मिएरी यांनी १८५६ मध्ये विजेवर चालणारा भूकंपमापक बनवला आणि १८७२ च्या उद्रेकात लाव्हा आजूबाजूने वाहत असताना ते वेधशाळा न सोडता नोंदी घेत राहिले. पण या शास्त्राला खरी निकड आली ती १९०२ मध्ये. ८ मे रोजी सकाळी कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर माउंट पेले फुटला आणि सेंट पिएर हे शहर काही मिनिटांत संपले. सुमारे २८,००० माणसे गेली. डोंगर कित्येक दिवस आधीपासून राख टाकत होता, पण त्याचा अर्थ लावणारे कुणी तिथे नव्हते. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फ्रेद लाक्रवा यांनी मागाहून तिथे राहून त्या तापलेल्या लोटांचा पहिला नीट अभ्यास केला. उद्रेकानंतर त्या शहराचे अवशेष पाहून आलेले अमेरिकेचे थॉमस जॅगर पुढे सगळे सोडून याच कामाला लागले आणि १९१२ मध्ये त्यांनी हवाईतील किलाउएआच्या काठावर वेधशाळा काढली. (याच जॅगर यांनी १९३५ मध्ये हिलो शहराकडे निघालेली लाव्हा वळवायला लष्कराच्या विमानांतून बॉम्ब टाकवले. लाव्हा पुढे थांबली. बॉम्बमुळे थांबली असे आज कुणी छातीठोकपणे म्हणत नाही.)

या इतिहासात मला सगळ्यात भावतो तो मात्र एक पोस्टमास्तर. जपानच्या होक्काइदो बेटावर उसु ज्वालामुखीच्या पायथ्याशी सोबेत्सु नावाचे गाव आहे. १९४३ च्या डिसेंबरात तिथे धरणीकंप सुरू झाले आणि पुढच्या वर्षी गव्हाचे शेत वर उचलले जाऊ लागले. जपान युद्धात होता. लोकांचे मनोबल खचू नये म्हणून सरकारने ही बातमी दाबून ठेवली आणि शास्त्रज्ञांना तिथे ठाण मांडून बसण्याची सवड नव्हती. गावचे पोस्टमास्तर मिमात्सु मासाओ यांच्याकडे कॅमेऱ्याची फिल्म नव्हती की कुठलेही यंत्र नव्हते. त्यांनी टपाल कचेरीच्या मागे आडव्या दोऱ्या ताणून बांधल्या, डोके दरवेळी एकाच जागी टेकवायचे ठरवले आणि दोऱ्यांच्या पलीकडे दिसणाऱ्या डोंगराची रेघ कागदावर उतरवत गेले. १९४५ च्या सप्टेंबरात तो नवा डोंगर, शोवा-शिनझान, चारशे मीटरच्या जवळपास उंचीवर थांबला, तेव्हा त्यांच्याकडे एका डोंगराच्या जन्माची सबंध नोंद तयार होती. १९४८ च्या ओस्लोतल्या जागतिक परिषदेत ते रेखाचित्र मांडले गेले आणि ‘मिमात्सु आकृती’ म्हणून शास्त्रात रूढ झाले. डोंगराची नासधूस होऊ नये म्हणून मिमात्सु यांनी तो पदरच्या पैशाने विकतही घेतला. उसुवर माणसांची नजर तेव्हापासून कायम राहिली. २००० साली मार्चच्या शेवटी तिथे भूकंपांची रांग लागली, तेव्हा या डोंगराचा स्वभाव ठाऊक असलेल्या शास्त्रज्ञांनी ‘काही दिवसांत फुटेल’ असे सांगून टाकले. सुमारे १६,००० लोक हलवले गेले, ३१ मार्चला उद्रेक झाला आणि एकही माणूस दगावला नाही.

एका डोंगराची अशी पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख म्हणजे अर्धे भाकीत. ती नसेल तर काय होते, ते १९८० मध्ये अमेरिकेतल्या सेंट हेलेन्सने दाखवले. १८५७ नंतर शांत असलेला हा डोंगर मार्चमध्ये हलू लागला. त्याच्या उत्तर अंगाला एक फुगवटा आला आणि तो रोज दीड-दोन मीटरने बाहेर येत गेला. उपकरणे होती, माणसे होती, धोक्याचा पट्टा आखलेला होता. त्या पट्ट्यात घरे असलेल्यांची कुरकुर सुरू झाली, म्हणून शनिवारी १७ मे रोजी काहींना सामान आणायला आत सोडले आणि दुसरी तुकडी रविवारी सकाळी दहाला जायची ठरली. रविवारी ८ वाजून ३२ मिनिटांनी भूकंपाच्या धक्क्याने तो फुगवटा कोसळला आणि स्फोट आभाळाकडे न जाता आडवा सुटला. सुमारे दहा किलोमीटरवरच्या निरीक्षण चौकीत ३० वर्षांचे डेव्हिड जॉन्स्टन एकटेच होते. त्यांनी रेडिओवरून दिलेली वर्दी हा त्यांचा शेवटचा आवाज. एकूण ५७ जण गेले.

त्या सकाळी भूकंप, फूग किंवा वायू यांपैकी कशातही वेगळा बदल दिसला नव्हता. डोंगर आडवाही फुटू शकतो, हे रशियाच्या कामचात्कात १९५६ मध्ये बेझिमियानीने दाखवलेले होते आणि जॉर्जी गोर्शकोव यांनी ते लिहूनही ठेवले होते. पण त्या लेखनाचे वजन सगळ्यांना कळले ते सेंट हेलेन्सनंतर. गंमत अशी की त्यानंतरची सहा वर्षे याच डोंगराच्या विवरात लाव्हेचा घुमट टप्प्याटप्प्याने वाढत होता आणि ते जवळपास सगळे टप्पे आधी सांगता आले. एकदा ओळख झाली की डोंगर बराच सरळ वागतो.

पुढच्या घटनेला मात्र ‘ओळख नव्हती’ ही सबब लागू पडत नाही. कोलंबियातला नेवादो देल रुइस हा ५,३०० मीटरहून उंच, माथ्यावर बर्फाची टोपी असलेला डोंगर १९८४ च्या नोव्हेंबरात जागा झाला. पुढच्या ऑक्टोबरात शास्त्रज्ञांनी धोक्याचा नकाशा तयार करून दिला. डोंगर फुटला, बर्फ वितळला, तर चिखलाचे लोंढे कोणत्या नद्यांतून कुठे उतरतील हे त्यात रंगवून दाखवले होते आणि आर्मेरो हे गाव त्या रंगात होते. त्यात नवल काहीच नव्हते. १८४५ मध्ये याच जागी चिखलाने सुमारे हजार माणसे गाडली होती आणि आर्मेरो त्या वाळलेल्या चिखलावरच वसलेले होते. नकाशा अतिरंजित आहे, व्यापाराला मारक आहे, अशी टीका झाली.

१३ नोव्हेंबर १९८५ च्या दुपारी आर्मेरोवर राख पडली. लोकांना शांत राहायला, घरात थांबायला सांगितले गेले. संध्याकाळी पाऊस सुरू झाला. रात्री नऊच्या सुमारास डोंगर फुटला. उद्रेक लहानच होता. माथ्यावरच्या बर्फाचा दहावा हिस्साही त्याने जेमतेम वितळवला. चिखल आर्मेरोला पोहोचला साडेअकराच्या आसपास. म्हणजे मध्ये अडीच तासांचा वेळ होता आणि जवळची उंच जागा चालत गाठण्याजोगी होती. सुमारे २३,००० माणसे गेली. शास्त्राने सांगायचे ते सांगितले होते, तरी त्या अडीच तासांत आर्मेरोच्या दारावर कुणी थाप मारली नाही. ज्वालामुखीशास्त्राच्या इतिहासात याहून लाजिरवाणे पान नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाने उपकरणे आणि तज्ज्ञ घेऊन कुठल्याही देशात धावून जाणारे एक पथक उभे केले, ते या पानामुळे.

त्या पथकाची खरी कसोटी फिलिपिन्समध्ये लागली. लुझोन बेटावरचा पिनाटुबो सुमारे ५०० वर्षे निजलेला होता. दाट जंगलाखाली तो ज्वालामुखी आहे हेच अनेकांना माहीत नव्हते. १९९१ च्या २ एप्रिलला त्याच्या अंगावर वाफेचे स्फोट झाले आणि उतारावर राहणाऱ्या आएता आदिवासींकडून खबर खाली आली. फिलिपिन्सच्या ज्वालामुखी संस्थेचे संचालक रेमुंदो पुनोंगबायान आणि अमेरिकी पथकाचे ख्रिस न्यूहॉल यांच्याकडे तेव्हा ना जुन्या नोंदी होत्या, ना नकाशा. त्यांनी भूकंपमापक बसवले आणि नदीपात्रांतले जुन्या राखेचे थर वाचायला घेतले. थरांनी सांगितले की हा डोंगर लहानसहान फुटतच नाही; फुटतो तेव्हा मैलोन्‌मैल पुरतो. मेच्या मध्यावर सल्फर डायऑक्साइड दिवसाला ५०० टन निघत होता, २८ मेला तो ५,००० टनांवर गेला. मग एकाएकी घटला. वाट बुजली, आता दाब आत साठतो आहे, असा अर्थ त्यांनी लावला आणि तो बरोबर ठरला.

पण अर्थ लावणे सोपे, लोकांना पटवणे कठीण. फ्रान्सचे मोरिस आणि कातिया क्राफ्त हे दाम्पत्य आयुष्यभर उद्रेकांच्या जवळ जाऊन चित्रीकरण करत आले होते. आर्मेरोनंतर त्यांनी ज्वालामुखी माणसाला कसा मारतो हे दाखवणारी एक फिल्म बनवायला घेतली होती. तिची कच्ची प्रत पिनाटुबोच्या पायथ्याशी गावोगाव, अधिकाऱ्यांना, लष्कराला दाखवली गेली. तापलेला लोट म्हणजे काय हे भाषणाने कळत नव्हते, ते पडद्यावर कळले. १० जूनला अमेरिकेच्या क्लार्क हवाई तळावरची सुमारे १४,५०० माणसे हलवली गेली. स्थानिक लोकांचे स्थलांतर आधीपासून चालूच होते. १५ जूनला विसाव्या शतकातला दुसऱ्या क्रमांकाचा उद्रेक झाला आणि नेमके त्याच दिवशी वादळ डोक्यावर आले. पावसाने भिजलेली राख छपरांवर बसली. त्या दिवसाचे बहुतेक बळी कोसळलेल्या छपरांखालचे आहेत. तरीही निदान ५,००० जीव वाचले असा हिशोब नंतर मांडला गेला. काहींच्या मते आकडा याच्या कितीतरी पट आहे. वातावरणाच्या वरच्या थरात गेलेल्या गंधकामुळे पुढे वर्षभर जगाचे सरासरी तापमान सुमारे अर्धा अंश उतरले.

क्राफ्त दाम्पत्याला हे कळले नाही. १२ दिवस आधी, ३ जूनला, जपानमधल्या उन्झेनवर तापलेल्या लोटात ते दोघे गेले. त्यांच्याबरोबर एकूण ४३ जण गेले. त्यांत हॅरी ग्लिकन होते. सेंट हेलेन्सच्या त्या चौकीत आदल्या संध्याकाळपर्यंत त्यांची पाळी होती आणि जॉन्स्टन त्यांच्या जागी आले होते.

दीड वर्षाने कोलंबियातल्या गालेरास विवरात पुन्हा तेच घडले. परिषदेला जमलेल्या शास्त्रज्ञांची एक तुकडी खाली उतरली असताना डोंगर फुटला आणि सहा शास्त्रज्ञ व तीन पर्यटक गेले. त्याआधी भूकंपमापकावर स्क्रूच्या आट्यांसारख्या दिसणाऱ्या, हळूहळू विरत जाणाऱ्या मंद लहरी उमटत होत्या. ज्वालामुखीतज्ज्ञ बर्नार्ड शुए यांचे म्हणणे असे की खडक तडकण्याच्या धक्क्यांपेक्षा या मंद लहरी महत्त्वाच्या. भेगांत कोंडलेला वायू घुमतो त्याचा तो आवाज आहे. तेव्हा ही मांडणी सर्वांना मान्य नव्हती. २००० च्या डिसेंबरात मेक्सिकोच्या पोपोकातेपेत्लवर तशाच लहरींवरून इशारा दिला गेला, हजारो लोक हलवले गेले आणि त्या डोंगराचा हजारेक वर्षांतला सर्वांत मोठा उद्रेक जीवितहानीवाचून पार पडला.

इथवर वाचून भाकीत जमले असे वाटेल. उलट बाजूही पाहावी लागेल, आणि ती दोन तऱ्हांची आहे. पहिली तऱ्हा न फुटलेल्या डोंगरांची. १९७६ मध्ये कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर ला सूफ्रिएरने वाफेचे स्फोट सुरू केले. राखेत ताजी काच सापडल्याचा, म्हणजे शिलारस वर आल्याचा, दावा झाला. तो पुढे टिकला नाही. सुमारे ७० हजार लोकांना तीन महिन्यांहून अधिक काळ घराबाहेर ठेवले गेले आणि मोठा उद्रेक झालाच नाही. प्रसिद्ध ज्वालामुखीतज्ज्ञ हारून ताझिएफ आधीपासून सांगत होते की धोका नाही. पॅरिसच्या संस्थेचे प्रमुख क्लोद आलेग्र यांनी खबरदारीची बाजू घेतली. हे भांडण वर्तमानपत्रांत झाले, ताझिएफ यांचे पद गेले. ताझिएफ बरोबर ठरले, पण ते बरोबर ठरतील असे त्या ऑगस्टमध्ये कोण लिहून देणार होते? हेच मला या शास्त्राचे सगळ्यात अवघड ओझे वाटते. अस्वस्थ झालेले कितीतरी डोंगर न फुटताच पुन्हा निजतात. एका खोट्या गजराची किंमत पुढच्या खऱ्या गजराला मोजावी लागते.

दुसरी तऱ्हा अचानक होणाऱ्या वाफस्फोटांची. यात शिलारस वर येतच नाही. तापलेल्या खडकात मुरलेले पाणी एकाएकी वाफ होऊन फुटते. २७ सप्टेंबर २०१४ च्या शनिवारी जपानच्या ओन्ताके डोंगरावर पानगळीचे रंग पाहायला आलेल्या गिर्यारोहकांची गर्दी होती. इशाऱ्याची पातळी सर्वांत खालची, एक. दुपारी बाराला काही मिनिटे कमी असताना डोंगर फुटला आणि ६३ जण मेले किंवा बेपत्ता झाले. न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ रोजी पातळी दोन होती, सहली चालूच होत्या आणि विवराजवळ गेलेल्या ४७ जणांपैकी २२ गेले. जपान आणि न्यूझीलंड हे या शास्त्रातले अव्वल देश. तिथे हे घडले याचा अर्थ सरळ घ्यावा: वाफस्फोटाचे भाकीत आज करता येत नाही आणि करता येते असे भासवून तिकिटे विकू नयेत.

आणखी एक अंधारी जागा म्हणजे उद्रेकाचा आकार. डोंगर जागा झाला, फुटण्याच्या बेतात आहे, इथपर्यंत सांगता येते; किती मोठा फुटेल, हे सांगताना आजही जुने थर आणि अनुभव यांचाच आधार घ्यावा लागतो. इंडोनेशियातल्या मेरापीचे उदाहरण घ्या. तो दर चार-सहा वर्षांनी फुटतो आणि फुटला तर धोका काही किलोमीटरपुरता, असा अनेक दशकांचा अनुभव होता. २०१० च्या ऑक्टोबरात आकडे नेहमीपेक्षा फार वर गेले. ज्वालामुखी विभागाचे प्रमुख सुरोनो यांनी २५ ऑक्टोबरला सर्वोच्च इशारा दिला. डोंगराचा परंपरेने नेमलेला राखणदार म्हणून लोक ज्यांना मानत, त्या वयोवृद्ध मारिजान यांनी गाव सोडायला नकार दिला. २००६ च्या उद्रेकातही ते हलले नव्हते आणि वाचले होते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते. २६ तारखेला ते आणि त्यांच्याबरोबर थांबलेले लोक गेले. पुढचे दिवस डोंगर ढगांत होता. ढगांतून पाहणाऱ्या उपग्रह रडारने लाव्हेचा घुमट भयंकर वेगाने वाढताना दाखवला आणि सुरोनोंनी मनाईचा घेरा दहाचा पंधरा, पंधराचा वीस किलोमीटर केला. वीसचा आदेश निघाला त्याच रात्री, ५ नोव्हेंबरला, १८७२ नंतरचा सर्वांत मोठा स्फोट झाला. साडेतीनशेहून अधिक माणसे गेली. दहा ते वीस हजार वाचली असा अंदाज आहे.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध जुना आहे, इतका जुना की आपण तो विसरून जातो. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणाऱ्या आंबेनळी घाटात कातळाचे एकावर एक थर दिसतात आणि मधूनमधून लाल मातीचा पट्टा. एक थर म्हणजे लाव्हेचा एक लोट. लाल पट्टा म्हणजे दोन लोटांमधल्या शांत काळात मुरलेली माती. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे सुळका असलेले डोंगर फुटले नाहीत, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि पातळ लाव्हा वाहिली. आज ती सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेली आहे. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही नावे जगभरच्या भूशास्त्रज्ञांच्या तोंडी आहेत, कारण या थरांना तीच नावे दिलेली आहेत. डायनोसॉरांना अशनीने मारले की या लाव्हेच्या वायूंनी, हा वाद याच थरांच्या वयावर लढला जातो. २०१९ मध्ये दोन गटांनी दोन पद्धतींनी वये काढली आणि बहुतेक लाव्हा अशनीच्या आधी आली की नंतर, यावर त्यांचे एकमत झाले नाही. लोणारचे सरोवर मात्र ज्वालामुखीचे नाही. ते याच बेसाल्टवर आदळलेल्या अशनीने केलेले आहे, तरी त्याला ज्वालामुखीचे मुख म्हणणारे अजूनही भेटतात.

जिवंत ज्वालामुखी भारतात एकच: अंदमानात पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमच्या, ईशान्येला सुमारे १३५ किलोमीटरवरचे बॅरन बेट. तिथे वस्ती नाही. दीडशेहून अधिक वर्षे गप्प राहून ते १९९१ मध्ये फुटले आणि तेव्हापासून अधूनमधून धुमसते आहे. २३ जानेवारी २०१७ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे अभय मुधोळकर यांच्या नेतृत्वाखालचे पथक ‘सिंधु संकल्प’ जहाजावरून जवळच्या समुद्रतळाचे नमुने घेत होते. बेटाने अचानक राख सोडली. जहाज मैलभर मागे घेऊन त्यांनी पाहणी सुरू केली: पाच-दहा मिनिटांचे छोटे उद्रेक, दिवसा नुसता राखेचा ढग आणि सूर्य मावळल्यावर त्याच ढगाच्या मुळाशी लाल लाव्हेची कारंजी. मुंबईच्या आयआयटीतले हेतू शेठ यांच्यासारखे संशोधक दख्खनचा कातळ आणि बॅरनची ताजी लाव्हा दोन्ही अभ्यासतात. ही वाट आपल्याकडे आणखी तरुणांनी धरायला हवी.

आजची ताजी शाळा आइसलंडमध्ये भरली आहे. १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री ग्रिंडाविक गावाखाली सुमारे १५ किलोमीटर लांबीच्या भेगेत शिलारस घुसला. सुमारे ३,८०० लोक त्याच रात्री बाहेर काढले गेले. उद्रेक झाला पाच आठवड्यांनी. त्यानंतर तो पुन्हा पुन्हा होत राहिला आणि तिथल्या शास्त्रज्ञांना एक ठोकताळा हाती लागला: खाली किती शिलारस साठला की भेग उघडते, हे फुगलेल्या जमिनीवरून जवळपास मोजता येते. आठवडा सांगता येतो, पण शेवटची सूचना कधी कधी अर्ध्या तासाचीच असते. गाव आधीच रिकामे असल्यामुळे तो अर्धा तास पुरतो. याउलट काँगोतल्या गोमा शहराच्या डोक्यावरचा न्यिरागोंगो २२ मे २०२१ रोजी काहीच न सांगता फुटला, तेव्हा तिथल्या वेधशाळेचा परदेशी निधी आटून काही महिने झाले होते.

सध्या सगळ्यांचे डोळे लागले आहेत ते नेपल्सच्या पश्चिमेच्या काम्पी फ्लेग्रेईकडे. हा एक डोंगर नाही. १२ ते १५ किलोमीटर रुंदीचे खचलेले विवर आहे आणि त्यात शहर वसलेले आहे. पोत्सुओली गावात रोमन बाजारपेठेचे तीन संगमरवरी खांब उभे आहेत. त्यांच्या मधल्या भागात समुद्री शिंपल्यांनी पोखरलेली भोके आहेत, म्हणजे ही जमीन एकदा समुद्रात बुडून पुन्हा वर आलेली आहे. १९८२ ते १९८४ मध्ये ती १.८ मीटर वर आली. सुमारे ४०,००० लोक हलवले गेले आणि उद्रेक झाला नाही. २००५ पासून ती पुन्हा वर येते आहे. १३ मार्च २०२५ ला तिथे ४.६ तीव्रतेचा भूकंप झाला. इशाऱ्याचा रंग २०१२ च्या डिसेंबरापासून पिवळा आहे. धोक्याच्या पट्ट्यात पाच लाख माणसे राहतात आणि सरकारची योजना त्यांना ७२ तासांत बाहेर काढण्याची आहे: तयारीला १२ तास, प्रवासाला ४८, राखीव १२. हा हिशोब रस्ते आणि बसगाड्यांचा आहे. उद्रेकाच्या तीन दिवस आधी नक्की सांगता येईल अशी हमी आजचे ज्वालामुखीशास्त्र कुठल्याही डोंगराबद्दल देत नाही, आणि काम्पी फ्लेग्रेई शेवटचे फुटले १५३८ मध्ये. तेव्हा मोजणारे कुणी नव्हते.